यंत्राला लावलेला कूलर

बी.एस्सी. झाल्यावर वडलांनी मला एका उन्हाळ्याची मुदत दिली होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याला चोळायचं औषध बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिथल्या प्रयोगशाळेत मी शिकाऊ म्हणून लागले. नोकरी पक्की झाली तर राहायचं, न्हाई तर गावी, तीर्थपुरीला परत आणि थेट बोहल्यावर.

काम असं, की औषध घातलेलं द्रावण पंपानं बारीक नळीतून जायचं, पुढं डिटेक्टरचा दिवा त्याच्यावर उजेड पाडायचा आणि औषध आलं की कागदावर डोंगर उमटायचा. डोंगर मोठा तर औषध जास्त. माझे डोंगर मात्र सकाळी एक सांगायचे अन् दुपारी भलतंच. बाटली तीच, औषध तेच. मालक वैतागले. "पोरीचा हात बसंना," म्हणाले आणि वडलांना निरोप धाडला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्यांनी नळीतले बुडबुडे पाहिले, पंपाचा वेग तपासला, दिवाही नवा बसवला, तरी फरक पडेना. मंग त्या माझ्याशेजारी स्टूल टाकून दिवसभर बसल्या. त्या बसण्याचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही. दुपारी कूलर सुरू झाला आणि कागदावरची सरळ रेघ डुलायला लागली.

कूलर मालकांचाच. यंत्र थंड देशातलं, त्याला आपलं ऊन सोसायचं न्हाई, म्हणून त्यांनी स्वतःच्या केबिनमधला उचलून यंत्रासमोर लावला होता. घरी पाहुणा आला की पंखा त्याच्याकडं करतो ना, तसं. त्या वाऱ्यानं दिव्याची ऊब हलायची आणि उजेड डळमळायचा. मॅडमनी कूलर बंद केला. घामाच्या धारांत आम्ही तीच बाटली पुन्हा लावली, तर सकाळचाच डोंगर बिलकुल बराबर आला.

तेवढ्यात वडील दारात. माझं सामान न्यायला टेम्पो घेऊन आल्ते. मॅडमनी मालकांना बोलावून दोन्ही कागद दाखवले आणि वडलांना म्हणाल्या, "काका, पोरगी चुकली नाही. यंत्राला वारं बाधलं."

वडलांनी आधी कूलरकडं पाह्यलं, मंग माझ्या भिजलेल्या ओढणीकडं.

"मंग त्यो पोरीकडं फिरवा की," ते म्हणाले, आणि रिकामा टेम्पो घेऊन गावाकडं गेले.