चौकशीचा नंबर

धुळ्याच्या देवपुरात तीस वर्षं लोकांची ब्लाउजं शिवणाऱ्या सुलक्षणाने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बावन्नाव्या वर्षी. तोही गुजरातेत, तिथलचा, काळ्या वाळूचा. नेलं दिपमालाने. दिपमाला चोपड्याच्या केळी बागायतदाराची बायको. धुळ्याच्या शिवणक्लासात दोघी एकाच मशीनवर शिकल्या, तेव्हापासूनची मैत्री. चार दिवस सुलक्षणा नुसती पाण्यात पाय सोडून बसली. गिऱ्हाईक नाही, टाके नाहीत, आयता चहा हातात. असलं सुख आपल्या नशिबी असेल हे तिच्या गावीही नव्हतं.

काटा एकच सलत होता, लेकीच्या लग्नाचा. ऋतिका पुण्यात नोकरीला, एकोणतीस पूर्ण. तीन स्थळं आली, पाव्हण्यांनी पोरगी पसंत म्हणून कळवलं आणि आठ दिवसांत त्यांचे फोन बंद झाले. आमच्या खानदेशात पाव्हणे मुलगी बघतात तासभर, चौकशी मात्र पंधरा दिवस करतात. म्हणून बायोडाट्याच्या तळाशी ओळखीच्या माणसाचा नंबर टाकायची रीत पडली आहे. सुलक्षणाने डोळे झाकून दिपमालाचा टाकला होता. दिपमालाने आपल्या लेकाच्या, स्वप्नीलच्या बायोडाट्यावर सुलक्षणाचा.

शेवटच्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर भाजलेलं कणीस खाता खाता दिपमाला म्हणाली, "आज बोदवडवाल्यांचा फोन येईल तुला. स्वप्नीलची चौकशी करतील. शेतकरी असून मुलगी हो म्हणतेय, नीट सांग."

"तुझ्या पोराचं वाईट सांगेन का मी?" सुलक्षणा हसली. स्वप्नील तेहतिशीचा, सहा वर्षं नकार पचवत होता. पोरगा सोन्यासारखा. सुलक्षणाचा नवरा शेवटच्या आजारात होता, तेव्हा हाच महिनाभर दवाखान्यात उशाशी बसला होता.

तेवढ्यात फोन वाजला. पण बोदवडचा नव्हता, लोटनआबांचा होता. आबा स्थळं सुचवायचे. नवीन स्थळाचं सांगून झाल्यावर जरा घुटमळले. "ताई, राग नका मानू. त्या कागदवरना चोपड्याना नंबर काढी टाका. तिन्ही पाव्हणा तठेच बिचकनात."

फोन ठेवून सुलक्षणा दिपमालाकडे वळली. चिडली की तिच्या तोंडात धुळ्याची माहेरची बोली यायची.

"काय सांगं तू त्यास्ले?"

दिपमालाने कणीस खाली ठेवलं. आढेवेढे घेतले नाहीत. "खोटं एक अक्षर नही सांगं. पोर चांगली शे, पन... जाऊ द्या. इतलंच."

"पन काय?"

"पन काहीच नही."

हेच तर त्या 'पण'चं विष. पुढचं ऐकणारा आपल्या मनाने जोडतो. कुणी लफडं जोडतो, कुणी आजार. निस्तरायला समोर काही उरतच नाही.

"का केलंस?"

"ज्वारीचे पापड, बिबडे करायला बसलो होतो तुझ्या गच्चीवर. मी स्वप्नीलसाठी ऋतिकाला मागणी घातली. सहा बायांदेखत तू खो खो हसलीस. माझी पोर काय केळीला पाणी द्यायला जाणार, म्हणालीस. ते हासू माना कानमा आजूनबी शे."

हसली होती खरी. सुलक्षणाला ती गच्ची आठवली आणि क्षणभर खाली बघावं लागलं. पण एका हसण्यापायी पोरीची तीन स्थळं घालवायची? केसाने गळा कापायचा आणि वर समुद्र दाखवायचा? मग डोक्यात लख्ख उजेड पडला.

"चार दिवस मला लाडात ठेवलंस, ते या बोदवडच्या फोनसाठी. माझं तोंड गोड राहावं म्हणून."

"पोरासाठी केलं," म्हणत दिपमाला साडीची वाळू झटकून उठली.

दुपारी सुरतेहून निघालेल्या गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. दिपमालाने चिवड्याचा डबा पुढे केला. सुलक्षणाने तो हाताने मागे सारला. तीस वर्षांत एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं नाही असा प्रवास दोघींचा झाला नव्हता. आता गुडघ्याला गुडघा लागला तरी सुलक्षणाला शिसारी येत होती.

नंदुरबार सुटलं आणि फोन वाजला. बोदवडवाले.

दिपमालाने तिचं मनगट धरलं. "माझ्याशी काय ते कर. स्वप्नीलने काय केलंय तुझं?"

काहीच केलं नव्हतं. सुलक्षणाला ते पक्कं ठाऊक होतं. ऋतिकाने तरी काय केलं होतं? तिने मनगट सोडवलं. नाव, गाव, शेती, सगळं विचारलं तसं सांगितलं. मग दिपमालाच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "पोऱ्या चांगला शे. पन..." आणि थांबली. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता. "जाऊ द्या," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. दिपमालाने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

अमळनेर आलं तेव्हा दिवस मावळत होता. स्वप्नील जीप घेऊन आला होता. मावशीला आधी देवपूरला सोडायचं, मग आईला घेऊन चोपड्याला जायचं, असं त्याने आपणच ठरवलं होतं. त्याने वाकून सुलक्षणाच्या पायाला हात लावला आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

"मावशी, बोदवडवालास्ना फोन उना का?"

"उना."

"काय सांगं?"

दिपमाला मागेच उभी होती, पण तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. बोलायला गेली, तर आपलंही सांगावं लागणार होतं.

"पोऱ्या चांगला शे, आसं सांगं," सुलक्षणा म्हणाली.

खोटं एक अक्षर नव्हतं. स्वप्नील लाजून हसला आणि तिची पिशवी जीपमध्ये ठेवायला गेला.