टाकीचं कुलूप

संगप्पा शेठची नवी कोरी गाडी पहिल्यांदा दगा देऊन बसली ती अहमदपूरच्या पुढं, लोह्याच्या अलीकडं, भर उन्हात. व्यंकटीनं पाय दाबलेला, गाडी मजेत पळत होती, मागं शेठ पेंगत होते, आणि एकाएकी गाडीतला जीवच गेला. धूर नाही, हिसका नाही, आवाज नाही. पाय तसाच दाबलेला आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीवर आली. मागून येणारा ट्रक भोंगा वाजवत अंगावरच आला आणि थोडक्यात बाजूनं निघून गेला. व्यंकटीनं गाडी कशीबशी कडेच्या बाभळीखाली घेतली, बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं, काही कळलं नाही, डोकं बाहेर काढलं. बिडी ओढून झाल्यावर उगाच किल्ली फिरवून बघितली, तर गाडी चालू! काही झालंच नाही अशा थाटात ती थेट नांदेडला पोचली.

"काय झालं व्हतं रे?" शेठनं विचारलं.

"काय की, मालक," व्यंकटी म्हणाला. पुढं कितीतरी महिने त्याच्याकडं एवढंच उत्तर होतं.

व्यंकटी मूळचा मुदखेडचा. बाप रेल्वेच्या गँगमध्ये, जंक्शनच्या रुळांखाली खडी ठोकायचा. छप्पन साली घर बौद्ध झालं, त्याच्या आधी हा जन्मला होता म्हणून नाव व्यंकटी राहिलं; बहीण नंतरची, तिचं पंचशीला. "माझं नाव मागं राहिलं, मी पुढं आलो," असं तो हसून सांगायचा. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला आणि उतरला तो ड्रायव्हर होऊनच. पंचशीला शिकली, नांदेडच्या दवाखान्यात नर्स झाली. व्यंकटी हिंडत हिंडत लातूरला आला आणि संगप्पा शेठच्या डाळमिलच्या जीपवर लागला.

मग लातूर जिल्हा झाला आणि इथल्या व्यापाऱ्यांच्या अंगात आलं. साहेबलोक आता उस्मानाबादला नाही, इथंच बसणार. त्यांच्या दारात खडखडत्या जीपमधून उतरायचं म्हणजे कसं दिसतं! शेठनं जीप विकली आणि पांढरीशुभ्र कार आणली. गाडी दारात आली त्या सकाळी शेठची आई रत्नम्मा, म्हणजे सगळ्यांची अव्वा, लिंगपूजा आटोपून भस्माची डबी घेऊन बाहेर आली. लेकाच्या कपाळावर तिनं तीन बोटं ओढली, गाडीच्या कपाळावर ओढली, आणि पुढची चिमूट व्यंकटीच्या तळहातावर वरून सोडायला वळली. व्यंकटी एक पाऊल मागं सरला.

"अव्वा, आमच्यात चालत न्हाई."

त्यानं ते नम्रपणे म्हटलं, पण म्हटलं. शेठच्या भुवया वर गेल्या. अव्वा मात्र रागावली नाही. चिमूट तशीच धरून ती नुसतं "बरं" म्हणाली. पुढं रोज गाडी निघताना शेठच्या कपाळावर भस्म लागायचं आणि व्यंकटी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायचा. अव्वा गाडीला मागून एक फेरी घालायची आणि आत जायची. म्हाताऱ्या माणसाची रीत, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

लोह्याजवळच्या त्या दिवसानंतर गाडीला सवयच लागली. कधी औशाच्या रस्त्यावर, कधी नळेगावच्या चढाला. सकाळी निघताना वाघ, दहा-पंधरा कोसांवर शेळी. आणि थांबून जरा दम घेतला की पुन्हा वाघ. जो तो आपापलं शहाणपण सांगू लागला. त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं, रस्त्यांवर घोटा बुडेल एवढा फुफाटा. मिलमधले म्हणाले, धूळ खाऊन गाडीला दमा झालाय. कुणी म्हणालं, कंपनीचा मालच खोटा. शेठच्या भावकीतलं कुणीतरी म्हणालं, गाडी अमावास्येला घेतली असेल. व्यंकटीनं धूळ झाडली, प्लग साफ केले, तारा बदलल्या, आणि चार दिवस गाडी बरी चालली की स्वतःची पाठ थोपटली. पाचव्या दिवशी गाडीनं त्याला तोंडावर पाडलं. आपण गाडीवर बसतो म्हणून ती बिघडते का, असंही त्याच्या मनात येऊ लागलं. बाबासाहेबांचा फोटो घरात लावणारा माणूस, पण असलं काहीतरी त्याच्या डोक्यात यायचं आणि मग त्याला स्वतःचीच चीड यायची.

मग कुजबुज सुरू झाली. ती कुणी सुरू केली हे कधी कळत नसतं. व्यंकटी पेट्रोल काढून विकतो आणि टाकीत रॉकेल घालतो, म्हणून गाडी दम सोडते. बोलणाऱ्याच्या तोंडाला काही कष्ट पडत नाहीत. एका सकाळी शेठ व्यंकटीशी काही न बोलता खाजा मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्रीनं टाकी उतरवली, धुतली, पेट्रोलची जाळी काढली. जाळीवर करडा लगदा बसला होता.

"कचरा हाय, शेठ," मिस्त्री म्हणाला. "पंपाच्या टाकीचा तळ आला आसंल. नाहीतर कुनीतरी काईतरी घातलं."

शेवटचं वाक्य त्यानं सहज म्हटलं, पण शेठनं ते उचललं. त्याच दिवशी टाकीला कुलपाचं झाकण बसलं आणि किल्ली शेठच्या करदोट्याला गेली. पंपावर गाडी लागली की शेठ स्वतः उतरायचे, कुलूप उघडायचे, पेट्रोल पडेपर्यंत बघत उभे राहायचे, पुन्हा कुलूप लावायचे. व्यंकटी तोवर काच पुसत राहायचा. स्वच्छ काच पुन्हा पुन्हा पुसायचा.

आणि गाडी? कुलूप लागल्यापासून गाडी एकदाही बंद पडली नाही.

व्यंकटीला हे सगळ्यात अवघड गेलं. गाडी बंद पडायची तेव्हा तो रस्त्यात देवाचं नाव न घेता शिव्या द्यायचा. आता ती पळायची आणि प्रत्येक मैलावर जगाला सांगायची की चोर हाच. नांदेडला गेला की पंचशीला म्हणायची, "दादा, सोड ना ती नोकरी. ड्रायव्हरला काय कमी हाय?" तो म्हणायचा, "आत्ता सोडली तर झालं. चोर पळाला म्हणतील." डाग घेऊन त्याला कुठंही जायचं नव्हतं, आणि डाग पुसायचा कसा ते कळत नव्हतं. रात्रंदिवस तो एकच विचार करायचा, की टाकीत मी तर काही घातलं नाही, मग कुलपानं गाडी सुधारली कशी?

उन्हाळा चढला तशी शेठच्या घरची विहीर आटली. टँकरच्या पाण्यानं लिंगाला अंघोळ कशी घालायची, म्हणून अव्वा हटून बसली. उदगीरला तिच्या लेकीच्या, शिवकांताच्या, घरच्या आडाला अजून पाणी होतं. व्यंकटीनं तिला उदगीरला नेऊन सोडलं. जावई गुरुपादप्पा वकील होते, त्यांनीही चार महिन्यांमागं तसलीच गाडी घेतली होती. त्यांची गाडी अगदी झकास चालत होती, हे त्यांनी व्यंकटीला दोनदा सांगितलं.

आषाढात एक बरी सर येऊन गेली, विहिरीला थोडं पाणी आलं, आणि शेठनं व्यंकटीला अव्वाला आणायला पाठवलं. भल्या सकाळी तो उदगीरला पोचला तर वकीलसाहेब वैतागून अंगणात उभे.

"अरे, माझी बी गाडी तसंच करून राहिली! चढावर एकदम दमच सोडती. कंपनीनं आम्हाला दोघांनाबी फसवलं बघ."

"कवापासून, साहेब?"

"अव्वा आल्या, त्याच्या जरा नंतर."

व्यंकटीचं डोकं पार गरगरलं. इथं तो नव्हता, इथल्या टाकीला त्यानं कधी हात लावला नव्हता. म्हणजे आपण सुटलो, असं वाटून त्याला बरं वाटलं आणि लगेच, मग लातूरला कुलूप लागल्यावर बरं का झालं, हे आठवून पुन्हा अंधार. वकीलसाहेब आत गेले. व्यंकटी आपल्या गाडीच्या आडोशाला चाकाची हवा बघत बसला.

तेवढ्यात अव्वा बाहेर आली. हातात भस्माची डबी. वकिलांच्या गाडीच्या मागं गेली, सावकाश टाकीचं झाकण फिरवून काढलं, काहीतरी पुटपुटली आणि चिमूटभर भस्म आत सोडलं. मग झाकण लावून त्यावर हात जोडले.

व्यंकटी उठून उभा राहिला.

"अव्वा! हे काय करून राहिल्या?"

"आलास का?" अव्वाला त्याला बघून आनंदच झाला. "काय करू बाबा? जावई कोर्टाला निघाला की कपाळ पुसतो. वरून लावलेलं राहत न्हाई, म्हणून गाडीच्या पोटात घालते. तिथलं कोण पुसतंय?"

"आन् आपल्या गाडीत?"

"तुला चालत न्हाई म्हणालास की रे. तुझी चिमूट काय उकिरड्यावर टाकू? रोज तुझ्या वाटची आत सोडत व्हते. गाडी बंद पडली म्हणलं की दोन सोडायची. तुमच्या अंगावर ट्रक आला म्हणून संगू सांगत व्हता, त्या दिवशी मूठभर घातली." तिचा चेहरा उतरला. "मग त्यानं कुलूपच लावलं. तवापासून जिवाला लई घोर हाय बघ."

व्यंकटीला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. समोर ही एवढीशी म्हातारी, त्याच्या जिवासाठी त्याच्याच गाडीचा गळा दाबत आलेली. हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. त्यानं राग गिळून तिला हळू आवाजात सांगितलं, की राख पेट्रोलात विरघळत नाही, गाडी पळाली की जाळीला जाऊन चिकटते, थांबली की खाली बसते. अव्वा ऐकत राहिली.

"म्हणजे तो ट्रक..."

"तो ट्रकवालाच येडा व्हता, अव्वा," व्यंकटी घाईनं म्हणाला. "हे तुमच्या-माझ्यात. कुणाला सांगू नका, मी बी सांगत न्हाई."

वकीलसाहेबांना तो एवढंच म्हणाला, की टाकी धुवून घ्या, तळाला गाळ असंल. अव्वाला मागं बसवून तो निघाला. नळेगाव गेलं, चाकूर फाटा गेला. शेठला सांगितलं तर आपण सुटतो; पण ते आईवर चारचौघांत कसे खेकसतात हे त्यानं पाहिलं होतं, आणि मिलमध्ये वर्षभर म्हातारीची टिंगल झाली असती. न सांगावं तर आपण चोर. वाटेत त्याचं तीनदा सांगायचं ठरलं आणि तीनदा मोडलं.

"संगूनं कुलूप कशाला लावलं रे?" मागून अव्वानं विचारलं.

"चोऱ्या वाढल्यात, अव्वा."

अव्वानं भस्माची डबी कमरेला खोचली.

लातूरला गाडी मिलसमोर थांबली तेव्हा शेठ ओट्यावर चारपाच जणांत बसले होते. वकिलांचा फोन आधीच आला होता.

"काय रे व्यंकटी," शेठ मोठ्यानं म्हणाले, "जावयाची बी गाडी बंद पडून राहिली म्हणं! तिथल्या टाकीत बी हात मारलास का काय?"

ओटा हसला. मागचं दार उघडून अव्वा उतरली, आणि कुलूप कुणासाठी होतं हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

"संगू, किल्ली दे."

"आत चल आई, उन्हात..."

"किल्ली दे म्हणते!"

शेठनं करदोट्याची किल्ली काढून दिली. अव्वानं टाकी उघडली, कमरेची डबी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "ह्यातलं घालत व्हते. रोज. मी. तुझ्या गाडीत बी आन् जावयाच्या बी. ह्यानं मला सांगितलं गाडी का बंद पडते ते, आन् वर म्हणाला, कुणाला सांगू नका. मला वाचवायला चोर म्हणवून घेत व्हता. आता हसा." ओट्यावर कुणी हसलं नाही. शेठना माफी मागायची सवय नव्हती. झाकणातली किल्ली काढून त्यांनी बॉनेटवर ठेवली, "सकाळी नांदेडला निघायचंय" म्हणाले आणि आत गेले.

डाग गेला की नाही, हे व्यंकटीला त्यावरून काही समजलं नाही. त्यानं किल्ली उचलून खिशात टाकली.

सकाळी गाडी दारात लागली. अव्वानं लेकाच्या कपाळावर भस्म ओढलं. पुढची चिमूट सवयीनं घेतली आणि ती गाडीच्या मागं निघाली, मग मधेच थांबली. चिमूट कुठं ठेवायची ते तिला कळेना. जरा वेळानं तिनं ती डबीत परत सोडली, बोटं पदराला नीट पुसली आणि व्यंकटीच्या खिडकीशी आली. इतक्या वर्षांत तिनं त्याला चहा दिला होता, भाकरी दिली होती, वरून सोडलेली. त्याला शिवली कधीच नव्हती.

"नुसता हात चालतो का रे तुमच्यात?"

"हाव, अव्वा," व्यंकटी म्हणाला.

तिनं तो त्याच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मागं बसलेले शेठ एकदाचे म्हणाले, "चल रे, उशीर होतोय," पण व्यंकटीला गाडीची किल्ली सापडेना. ती त्याच्या हातातच होती.