कडुलिंबाच्या पानामागची अंडी

धाकटी बहीण बाळाला घेऊन दुपारी हॉस्पिटलमधून थेट आमच्याकडे, नेरूळला येणार होती. बाळंतपण माहेरीच, यावरून तिच्या सासूशी बरीच ताणाताणी झाली होती. इथे जरा खुट्ट झालं, की सासू बाळाला द्रोणागिरीला, आपल्या घरी नेणार हे नक्की होतं.

सकाळी आईने पाळण्यातली गोधडी उचलली आणि किंचाळली. घडीत पांढुरके दाणे होते. त्यांच्याभोवती टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस-काळे जीव वळवळत होते.

"ढेकनं हायत! अंडी घातलीत मेल्यांनी!"

"ओरडू नकोस, बघू दे आधी."

मी मोबाइलचा टॉर्च लावला. ढेकणांची अंडी मी लहानपणी पुष्कळ चिरडलीत. ती लांबट, तांदळाच्या कण्यांसारखी, शिवणीत एकेक चिकटलेली असतात. ही पिंपासारखी गोल होती, वर झाकण, एकमेकांना खेटून रांगेत. आणि चिकटली होती गोधडीला नव्हे, कडुलिंबाच्या पानाला! बाळाला किडामुंगी लागू नये म्हणून आईनेच घडीत पाला घातला होता.

माझ्या नुसत्या सांगण्यावर आई विश्वास ठेवणार नव्हती. "कशाला हात लावू नकोस," म्हणत मी खाली धावले. सोसायटीच्या गेटजवळच्या कडुलिंबाची फांदी वाकवली. पानामागे तशीच रांग, शेजारी ढालीच्या आकाराचा करडा किडा. पानांचा रस पिणारा. माणसाला तो चावत नाही. मी डहाळीच तोडून घेतली. इतकं हलकं वाटलं, की वॉचमनकडे बघून उगाच हसले.

लिफ्टचं दार उघडताच उग्र वास आला.

आई तोंडाला पदर बांधून उभी होती, हातात ढेकणांच्या औषधाचा फवारा. पाळणा, गाद्या, भिंती, सगळं निथळत होतं.

"एक पन नाय सोडला."

"झाडावरचे होते ते, आई!" मी डहाळी तिच्यापुढे आपटली. रागाने माझा आवाज फाटला.

तिने पान उलटून नीट बघितलं. "मंग येऊ दे ना बालाला. खिडक्या उघडते मी."

माझेच डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, निघतोय आम्ही."

मागे बाळ रडत होतं. आई माझ्याकडे बघून, काही सांगू नकोस म्हणून मानेने नको, नको करत होती.

"द्रोणागिरीलाच ने त्याला," मी म्हटलं आणि काय झालं ते सांगितलं.

बहीण रडायला लागली. "आईला दे फोन."

मी फोन पुढे केला. आई दोन पावलं मागे सरकली.

"माज्या हाताला औषध लागलाय," ती म्हणाली.