आणणाऱ्याचा घास

आमचे हे पोलिसात जमादार होते. कुरुंद्याच्या चौकीवर त्यांची बदली झाली तेव्हा निजामाचं राज्य होतं. चौकी म्हणजे काय, तर दोन खोल्या, दारात एक लिंब आणि उर्दूत कागद लिहिणारा एक मुन्शी. वरचे अमीनसाहेब वसमतला बसायचे. लोकांना वाटतं, जमादाराच्या बायकोचा काय थाट असेल! कसला आलाय थाट? गावातली निम्मी भांडणं आधी माझ्या चुलीपाशी यायची आणि मग चौकीवर जायची.

हे मोठे चिवट. एखाद्या गोष्टीचा नाद लागला की भाकरी मोडता मोडता थांबायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. मी म्हणायचे, भिंत काही कबुली देणार नाही, जेवून घ्या. देवाधर्माचं मात्र ह्यांना वावडं. भांडायचे नाहीत, पण देवळाच्या बाहेर चपला राखत उभे राहायचे. म्हणून माझ्या नवसाचं मी ह्यांना कधी सांगितलं नाही.

तो नवस असा. माझी पहिली दोन लेकरं वर्षाच्या आत गेली. तिसऱ्या खेपेला मी माहेरी, शिरड शहापूरला होते. आईने मला माळावरच्या देवीला नेलं. ते ठिकाण म्हणजे एक चौथरा, शेंदूर फासलेला दगडाचा तांदळा आणि वर पिंपळ. तिथे एक म्हातारा सेवेकरी असायचा. झाडलोट करायचा, दिवा लावायचा. तिथली रीत अशी की नवस मनात बोलायचा नाही, त्याच्या समोर तोंडाने बोलायचा. लिहिणं-पुसणं काही नाही, पण पंचक्रोशीतले सगळे नवस त्याला तोंडपाठ. मी बोलले, हे लेकरू जगलं तर त्याचं जावळ इथेच काढीन, तोवर केसाला कात्री लावू देणार नाही. पोरगी झाली आणि जगली. आता बघा माझं नशीब. दोन वर्षांची असताना तिला परभणीला मुदतीचा ताप आला. दवाखान्यातल्या बाईने मला न विचारता तिचे केस कापून टाकले. मी ते केस गोळा करून फडक्यात बांधून ठेवले. जाऊ, जाऊ म्हणता वर्षं गेली, आणि खरं सांगायचं तर मला जायची भीती वाटायला लागली. नवस मोडलाच होता, आता कुठल्या तोंडाने जायचं?

सेवेकरी नवसाची आठवण द्यायला गावोगाव फिरायचा. फार गोड माणूस. आमच्याकडे श्रावणात आला, दसऱ्यानंतर आला. ओसरीवर बसून पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "माय, आठवण आहे न्हवं?" मी येते म्हणायचे. तो उठून जायचा. कधी टोचून बोलला नाही.

त्याच हिवाळ्यात कुरुंद्यातली एक धडधाकट बाई एका दिवसात गेली. अमीनसाहेब पटकी लिहून मोकळे झाले. हे मात्र घरी येऊन भिंतीकडे बघत बसले. म्हणाले, घरात सात माणसं, एकाच रांजणाचं पाणी पितात, मग पटकी एकीलाच कशी झाली? ना उलटी, ना जुलाब. आणि मेलेलीच्या डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या होत्या की बुबुळ दिसत नव्हतं. हे धोतऱ्याचं विष आहे, म्हणाले. महिन्याभरात पलीकडच्या वस्तीवर एक जमीनदार तसाच गेला. तसेच डोळे, तसाच कोरडा पडलेला घसा. दोन घरांचा एकमेकांशी काही संबंध नाही, कोणाशी वैर नाही, काही चोरीला गेलं नाही. आमचे हे वैदू, जडीबुटी विकणारे पसारी, रानात फिरणारे गोसावी, सगळ्यांना विचारून आले. तिकडे अमीनसाहेब हसत होते की जमादाराला भूत लागलं. सगळ्यात जास्त तकलीफ ह्यांना एका गोष्टीची व्हायची. मेलेल्यांच्या घरची माणसं तोंडातून ब्र काढत नव्हती. मारणारा कोण ते माहीत नाही, हे एक वेळ समजण्यासारखं आहे, पण आपलं माणूस शेवटचे चार तास काय करत होतं, हेसुद्धा कोणी सांगेना.

शेवटी हे मला म्हणाले, बायका तुझ्याशी बोलतील. तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते. मेलेल्या बाईच्या घरच्या खळ्यावर मी जाऊन बसले, उकडलेली हळद पसरू लागले. दुपारपर्यंत आम्हा सगळ्यांचे हात पिवळे झाले आणि मग मेलेलीच्या सासूने हळूच सांगितलं. सुनेच्या अंगात आलं होतं. डोळे मोठे झाले, अंगावरचं लुगडं ओढू लागली, कोणाशी तरी बडबड करू लागली. मग कोणी वैद्याकडे जातं का? पाटावर बसवली, हळदीकुंकू लावलं, ओवाळलं. घरच्यांनी पाया पडून विचारलं, माय, काय चुकलं? विषाने जीव चालला होता आणि सगळं घर तिच्या पायावर डोकं ठेवून बसलं होतं. पुढे सासू म्हणाली ते आणखी हळू. सुनेचा नवस राहिला होता. माळावरच्या देवीचा. जमीनदाराचाही राहिला होता म्हणे, त्याने पायऱ्या बांधून द्यायचं कबूल केलं होतं. देवीने आपलं माणूस नेलं, हे पोलिसाला कसं सांगायचं? घराण्याची अब्रू जाते.

मी घरी आले. अंगात येण्याचं सगळं ह्यांना सांगितलं. हे टाळी वाजवून उठले, कारण धोतऱ्याचं पक्कं झालं होतं. नवसाचं मात्र मी गिळून टाकलं.

काहून गिळलं? कारण मला भीती वाटली. विषाचं मला अर्धंच पटलं होतं. अर्धं मन म्हणत होतं, देवीच नेत आहे, आणि पुढचा नंबर माझ्या लेकीचा. नवसाचा शब्द काढला असता तर ह्यांनी लगेच विचारलं असतं, तुझा काही आहे का. मी मूर्ख. मला वाटलं, गुपचूप एक दिवस पोरीला घेऊन माळावर जाईन, केस वाहीन, पाया पडेन. त्यानंतर आठ दिवसांनी शिरडच्या बाजूचा एक धनगर मेला. त्याच देवीला मेंढा द्यायचं बोलला होता आणि त्या मेंढ्यावर जीव जडला म्हणून देत नव्हता. त्या माणसाच्या मरणाचं पाप माझ्या माथ्यावर आहे. दुसऱ्या कोणावर ढकलायची माझी इच्छा नाही.

धनगर गेला त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी सेवेकरी आमच्या ओसरीवर आला. हे चौकीवर होते. मी पाणी दिलं आणि सोबत गुळाचा खडा. त्याने खडा तोंडात टाकला, पाणी प्याला, पंच्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "माय, तिसऱ्यांदा आलो." मी मान खाली घातली. पोरगी खेळता खेळता आली तर त्याने तिला जवळ घेतलं, खांद्यापर्यंत वाढलेल्या केसांवरून हात फिरवला. कापल्याचं त्याला दिसत होतं, पण बोलला नाही. झोळीतून पळसाच्या पानाचे दोन पुडे काढले. देवीचा मलिदा आहे म्हणाला, एक तुमाला, एक लेकराला.

माझा जीव भांड्यात पडला. देवीने प्रसाद धाडला, म्हणजे रागावलेली नाही! मी दोन्ही पुडे कपाळाला लावले. पोरीने हात पुढे केला.

आता आमच्याकडे रीत आहे. प्रसाद घरी घेऊन आलेल्या माणसाला घरची बाई त्यातला पहिला घास आपल्या हाताने देते. आणणाऱ्याचा घास म्हणतात त्याला. सवाष्णीच्या हातचा तो घास कोणी नाकारत नाही. मी चिमूटभर मलिदा त्याच्या समोर धरला. तो म्हणाला, "न्हाई माय, आज माझा उपास आहे. गूळसुदिक चालत न्हाई."

गूळसुद्धा चालत नाही म्हणाला, आणि माझ्या हातचा खडा त्याने आत्ताच चघळला होता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तोच शांत, गोड चेहरा. सासूचं बोलणं, जमीनदाराच्या पायऱ्या, धनगराचा मेंढा, सगळं एका क्षणात जाग्यावर बसलं. पोरीचा हात अजून पुढेच होता. तिला मलिदा फार आवडायचा.

त्या वेळी ओरडले असते तर तो उठून गेला असता आणि हातात काही राहिलं नसतं. जमादाराच्या घरात इतकी वर्षं काढली होती, एवढं कळत होतं. मी पोरीचा हात धरला आणि म्हणाले, लेकरू पारोसं आहे, पारोशा तोंडात देवीचा प्रसाद कसा घालू? अंघोळ घालते, मग दोघी घेतो. तुमी बसा. त्याला ते बराबर वाटलं. पुडे देव्हाऱ्यात ठेवून पोरीला मागच्या दाराने नेली. शेजारीण कुंपणापाशी धुणं वाळत घालत होती. माझ्या त्या दिवसांतली सगळ्यात जवळची बाई, दोन लेकरांची आई. पोरगी तिच्या हातात दिली, म्हटलं, हिला काही खाऊ घालू नको आणि ह्यांना बोलावून आण, पळत जा. माझ्या पोरीला कडेवर मारून ती भरउन्हात अनवाणी पळाली.

मी परत ओसरीवर येऊन बसले. तो आपणहून बोलू लागला. त्याचं गाव दुसरीकडे होतं. लेकरांसाठी नवस बोलला होता आणि आळसाने राहून गेला. मग गावात पटकी आली. त्याची बायको, चार लेकरं आणि त्यांच्याबरोबर निम्मं गाव गेलं. तेव्हापासून तो माळावर होता. मला त्याची दया आली, हे लपवत नाही. मी विचारलं, मग ह्या मेलेल्या तिघांचं काय? त्याला कळलं की मला कळलं आहे. घाबरला नाही. लहान लेकराला समजवावं तसा बोलला.

"ज्यानं नवस मोडला त्याच्याच घरातलं गेलं तर देवी तिथंच थांबते, माय. न्हाई तर गावावर येते. म्या एकेक देऊन गाव राखून राहिलो."

माझं एकच लेकरू आहे, मी म्हणाले. तो म्हणाला, म्हाईत हाय. आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात हे आले, मागे दोन शिपाई. ह्यांनी देव्हाऱ्यातले पुडे उचलले, त्याला विचारलं, हे तू आणलंस? बराबर, मीच आणलं, म्हणाला आणि उठून उभा राहिला. दोरी बांधायला हात स्वतःच पुढे केले.

पुड्यात काय होतं त्याचा कागद पुढे हैदराबादहून आला. धोतराच निघाला. ह्यांची वाहवा झाली, अमीनसाहेबांनी हार घातला. घरी मात्र हे माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी एवढंच म्हणाले, मला सांगितलं असतंस तर तो धनगर आज मेंढरं चारत असता. मी रडले. ह्यांनी समजूत घातली नाही, आणि घालायला नकोच होती.

मग उन्हाळा आला आणि विहिरींचा तळ दिसायला लागला. वैशाखात कुरुंद्यात पटकी शिरली. ती खरी पटकी होती, उलट्या-जुलाबांची. हे घरोघर सांगत फिरले की पाणी उकळून प्या. काहींनी ऐकलं, काहींनी ह्यांच्या तोंडावर दार लावलं. सेवेकऱ्याचं म्हणणं तोवर गावभर झालं होतं, बायका मला पाणवठ्यावर जागा देईनात. आमच्या पोरीला काही झालं नाही. शेजारणीची दोन्ही लेकरं एका आठवड्यात गेली, आधी थोरला, मग धाकटी.

मी तिच्याकडे गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. बाकीच्या बायका मला बघून उठून गेल्या. मी तिचा हात धरायला गेले तर तिने तो काढून घेतला नाही, तसाच राहू दिला. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या एकीला तो मलिदा खाऊ दिला असतास तर माझी दोन राहिली असती."

ती हे रागाने बोलली नाही. तिला ते खरंच तसं वाटत होतं. पटकी पाण्याने होते, हे मला माहीत होतं, ह्यांनी शंभर वेळा सांगितलं होतं. पण तिच्यासमोर ते बोलायला माझी जीभ उचलली नाही. ज्या बाईने माझी लेक वाचवायला अनवाणी धाव घेतली, तिचा हात हातात धरून मी बसले होते आणि माझ्या मनात काय होतं ते आज पहिल्यांदा लिहीत आहे. मला वाटत होतं, हिचं म्हणणं खरं असलं तरी मी पुन्हा तेच करीन. मग मी उठले आणि पोरीला अंघोळ घालायची होती म्हणून घरी गेले.