काकीने अडवलेली हळद

करंजाड्यात आमचं आणि काकांचं घर शेजारीशेजारी. बाबा आणि काका सख्खे भाऊ, आणि मध्ये एक भिंत. काकांनी ती वीतभर आमच्या बाजूला सरकवली, असं बाबांचं म्हणणं. भिंत बांधताना बाबाच दोरी धरून उभे होते, असं काकांचं म्हणणं. तीन वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. काकांचा कोंबडा अंगणात आला तरी बाबा त्याला घुसखोर म्हणायचे.

अशात ताईचं लग्न ठरलं आणि बाबांनी फर्मान काढलं, काकांना आमंत्रण नाही. लहानपणी ताई काकांच्या खांद्यावर बसून गाव फिरलेली. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "काका नसतील तर मना हलद नको."

मग आम्ही पुरुषांनी शांततेचं मनावर घेतलं. मी, मामा आणि गावातले तिघे मिळून समिती झाली. पहिली बैठक कुणाच्या अंगणात बसायचं यावरच मोडली. दुसरीत भिंत मोजायला टेप आणला, तर टेपचं टोक कुणी धरायचं यावरून नवं भांडण. तिसऱ्या बैठकीत आईने चहा ठेवता ठेवता विचारलं, "मी येकदा बोलून बगू काय?"

"ताय, ही पुरुषांची बोलनी हायत," मामा म्हणाले. मीही मान डोलावली. आता आठवलं की लाज वाटते.

या सगळ्या युद्धनीतीत एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात देवांना, पितरांना, सोयऱ्यांना एकेक करून मांडवात बोलावते, मगच नवरीला हळद लागते. आणि गावातली धवलारीण म्हणजे आमची काकी.

आईने हे सांगितलं तेव्हा बाबांनी उठून पंखा पाचवर नेला. "धवलारीन म्हनून येऊ दे, काकी म्हनून नाय," असा त्यांनी शेवटी तोडगा काढला. आई साडी बदलून भिंतीपलीकडे गेली आणि तासाभराने परतली. काय ठरलं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

हळदीच्या दुपारी काकी आली, ताईच्या पाटाजवळ बसली आणि गाऊ लागली. गावदेवी आली, कुलदैवत आलं, आजोबा-पणजोबा आले. मग तिने नवरीच्या काकाला बोलावलं. पुन्हा बोलावलं. चौथ्यांदाही तेच. हळदीच्या वाट्या घेतलेल्या बायका थांबल्या. "फुडं चला आता," मामा म्हणाले. काकीने गाणं न थांबवता त्यांच्याकडे असं बघितलं, की ते थेट मांडवाच्या खांबाला जाऊन टेकले.

"काय चाललंय ह्ये?" बाबा गरजले.

"बोलावलेला मानूस आल्याबिगर फुडचा धवला नाय लागत," आई शांतपणे म्हणाली. "पितर खोळंबलेत."

असा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. पण मांडवातल्या सगळ्या म्हाताऱ्या बायकांनी एकदम माना हलवल्या, तेव्हा जुनाच असणार.

बाबांनी ताईकडे पाहिलं. ती खाली मान घालून रडत होती. ते उठले आणि चप्पल न घालताच पलीकडे गेले. काका ओट्यावर बसले होते, नवा सदरा, डोक्यावर टोपी, कपाळाला गंध. सकाळपासून तयार होते. दोघे भाऊ सोबत मांडवात आले, तेव्हा कुठे काकीचं गाणं पुढे सरकलं. ताईला हळद लावताना काकांचा नेम चुकला आणि निम्मी तिच्या नाकावर गेली. मी सगळ्यांदेखत रडलो.

लग्नात समेट घडवल्याबद्दल समितीचा सत्कार झाला. आम्हा पाचही जणांना शाल आणि नारळ. माझी शाल घेऊन मी मागे गेलो. आई आणि काकी आत्ता कुठे जेवायला बसल्या होत्या. मी शाल काकीच्या खांद्यावर टाकली. तिने ती काढून माझ्या हातात दिली.

"तुजी तूच ठेव. भिंत हाय तिथंच हाय. परत भांडाल तवा हीच घालून आमाला बोलवाला ये."