पायरीवरचा सडा

तळेगावच्या स्टँडवर नागपूरची एसटी लागली, तेव्हा मला पोचवायला निम्मी गल्ली आली होती. सगळ्यांना जयभीम करून झाला, बाबांनी बॅगा चढवल्या, आणि आई रडायचं सोडून मला तंबी देत बसली. "पोरी, लोकाच्या घरी आयती बसून खाऊ नोको. दिसन ते काम हाती घेजो." मी कॅनडात शेतीशास्त्र शिकायला निघाले होते आणि सस्काटून नावाच्या शहरात एका कुटुंबात भाडं देऊन राहणार होते, हे तिला दहादा सांगून झालं होतं. भाडं दिलं म्हणून काय झालं, घर तर लोकाचंच, हे तिचं उत्तर.

ते घर लिन आणि डगचं. दोघंही साठीच्या पुढचे, मुलं परगावी. माणसं मोठी प्रेमळ, पण मला कशाला हात लावू देईनात. ताट उचललं की लिन हातातून काढून घ्यायची. झाडू शोधला तर सापडेना. मी आठवडाभर सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसले. इथे आपला निभाव लागणार नाही, असंच वाटायला लागलं होतं.

मग एका रविवारी सगळ्यांच्या आधी उठले. पुढच्या पायरीवर, बर्फावर घसरू नये म्हणून टाकतात त्या मीठ-मातीचा राडा साचला होता. आमच्याकडे सकाळी दारात सडा पडलाच पाहिजे. दुसरं काही नाही तर हे तरी करू म्हणत मी बादलीभर गरम पाणी आणलं, पायरी खसाखसा घासली आणि उरलेलं पाणी वाटेवर छान शिंपडलं. थंडी उणे पंचवीस. पाणी गोठतं हे मला पुस्तकातून पाठ होतं, पण हाताला कोण सांगणार? थोड्या वेळानं डग कचरा टाकायला बाहेर पडला आणि घसरून थेट खाली. मनगट मोडलं.

ती दोघं दवाखान्यात गेली आणि मी बॅग भरायला घेतली. आता कॉलेजला फोन जाणार, आपली रवानगी होणार, तळेगावात कोणत्या तोंडानं जायचं? हमसून हमसून रडले.

दुपारी डग प्लास्टर घालून आला. लिननं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि असं झापलं म्हणता! डोकं गहाण ठेवलं होतंस का, विचारायला तोंड नव्हतं का? सगळं इंग्रजीत, पण सूर हुबेहूब आईचा. भरलेली बॅग दिसली तेव्हा तर आणखी भडकली. शेवटी डगनं बर्फ काढायचं फावडं माझ्या हातात दिलं. हात बरा होईपर्यंत ते काम माझं.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यायनं तुले काई म्हटलं का नाई?"

"लय बोलले, आई."

"मंग बरं झालं. ठेवतात तुले. पाहुन्याले कोनी बोलत नाई."

आणि खरंच ठेवलं त्यांनी. डगचा हात बरा झाला तरी फावडं माझ्याकडेच राहिलं. शिक्षण संपलं, तिथेच नोकरी लागली, मी वेगळं घर केलं. तरी अजून मोठा बर्फ पडला की डगचा फोन येतो, कुठे राहिलीस म्हणून. मी कुरकुरत जाते.

उलटी गंमत तळेगावात झाली. यंदा सुटीत गेले, तर माझ्यासाठी खुर्चीवर नवी चादर. भांड्याला हात लावला की आई म्हणायची, "राहू दे, थकली असशीन." पंख्याची हवा सोसते का, असं बाबा चक्क विचारत होते. जवळजवळ आठवडाभर कुणी मला एक वाकडा शब्द बोललं नाही. फार वाईट वाटायचं. गावाकडच्या माणसांनो, परदेशातून आलेल्या लेकीला एवढं जपू नका हो.

मग एका सकाळी गॅसवर दूध ठेवून मी मोबाइलमध्ये रमले आणि सगळं उतू गेलं. आई अंगणातून धावत आली. "डोये फुटले का तुहे? काऊन उभी हायेस अशी? पूस ते!"

मी ओटा पुसत होते, हसत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ती आणखीच चिडत होती. गावात येऊन मला आठवडा होत आला होता, पण घरी मी त्या सकाळी पोचले.