दुप्पट वेगातली मी

सुट्टीला घरी आलेली माझी नात ईशा शेजारी बसून मोबाईलवर काहीतरी ऐकत होती. कुणीतरी बाई चिरक्या आवाजात भरभर बोलत होती. दोन वाक्यांनंतर कळलं, ती बाई मीच. ती हॉस्टेलवर असताना मी पाठवलेले व्हॉइस मेसेज ती आत्ता ऐकत होती.

"अगं, मला काय गाडी पकडायची होती का?"

"सगळ्यांचंच दुप्पट स्पीडने ऐकते गं आजी. कॉलेजची लेक्चर्ससुद्धा. वेळ वाचतो."

रागवायचंही त्राण नव्हतं. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. प्रश्न विचारला की हातात खडू धरून गप्प उभी राहायचे. मुलं चुळबुळ करायची, खिडकीबाहेर बघायची, आणि मग मागच्या बाकावरून एखादा हात बिचकत वर यायचा. माझं शिकवणं बहुतेक त्या गप्प राहण्यातच होतं. आता ते गाळून पुढे जाता येतं म्हणे. जा बाबांनो. दरवेळी नवा फोन, नवी बटणं; शिकून शिकून मीही दमले.

ईशाने पुढचा मेसेज लावला. "जेवलीस का गं?" माझा आवाज पळत आला. मग नुसती पंख्याची घरघर.

"आजी, तू दर मेसेजमध्ये अशी मधेच का थांबतेस?"

पलीकडे कुणी नसतं, हे मला ठाऊक असतं. तरी प्रश्न विचारला की उत्तरापुरती जागा सोडायची सवय जात नाही. एवढंच तिला सांगणार होते. तोवर तिने पुढचा मेसेज लावला होता.